थेट निवड

मानपत्र सुटकेसच्या तळाशी, दोन रेशमी साड्यांच्या मधे, घडी पडू नये म्हणून पुठ्ठ्याला बांधून आणलं होतं. ते सोडवून जेवणाच्या टेबलावर ठेवण्याआधी चारुदत्तांनी चष्मा बदलला, आणि त्यावरून त्र्यंबकरावांना कळून चुकलं की प्रकरण साधं नाही. दादा चष्मा बदलत ते फक्त उत्तरपत्रिका तपासताना आणि जन्मपत्रिका पाहताना.

"नारळ विमानतळावरच काढून घेतला त्यांनी," चारुदत्त म्हणाले. "म्हणे, शेतीमाल आहे. शाल आणि मानपत्र सुखरूप पोचलं. श्रीफळाची सोय तेवढी तुला करावी लागेल."

"सोय होईल, दादा. पण मानपत्र कुणाला?"

"तुला नाही," थोरले बंधू म्हणाले. "राजीवला. शाळेच्या माजी विद्यार्थी मंडळानं एकमतानं ठराव केलाय. मजकूर माझा आहे."

मजकूर त्यांचा आहे हे सांगण्याची गरज नव्हती. छत्तीस वर्षं नागपुरात मराठी शिकवून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेल्या माणसाखेरीज ‘क्रीडाक्षितिज’ हा शब्द कुणी इतक्या निर्धास्तपणे वापरत नाही. त्र्यंबकराव वाचू लागले.

‘...चि. राजीव त्र्यंबक वझलवार यांची अमेरिकेतील विद्यापीठाच्या बास्केटबॉल संघात, कोणत्याही चाचणीविना, थेट निवड झाली. त्यांच्या जन्मपत्रिकेत क्रीडायशाचा जो स्पष्ट योग वर्तवण्यात आला होता, तो अशा रीतीने तंतोतंत खरा ठरला...’

त्यांनी तो परिच्छेद दोनदा वाचला. पहिल्या वाचनात त्यांना तो हास्यास्पद वाटला. दुसऱ्या वाचनात त्यांना त्यात स्वतःचा हात दिसला, आणि हसू कुठल्या कुठे गेलं.

"अक्षर मंडळाच्या चित्रकला शिक्षकांचं आहे," चारुदत्त म्हणाले. "बरं उतरलंय ना?"

"उत्तम," त्र्यंबकराव म्हणाले. अक्षराबद्दल तरी ते खरं होतं.

हा सगळा घोटाळा एका शब्दाचा होता आणि तो शब्द खुद्द त्र्यंबकरावांनी निवडलेला होता. १९८३च्या ऑक्टोबरात, एका रविवारी, राजीवचा विद्यापीठातून फोन आला होता: "बाबा, आय मेड द टीम. ॲज अ वॉक-ऑन." त्र्यंबकरावांनी त्यावर विचारलं होतं की कॅल्क्युलस कसं चाललंय. पुढे आठवडाभरानं नागपूरला पत्र लिहायला बसल्यावर त्यांच्यापुढे प्रश्न आला की वॉक-ऑनला मराठीत काय म्हणायचं. ते धातुशास्त्रज्ञ होते. गाडीचा एखादा सुटा भाग किती लाख वेळा वाकवल्यावर तुटतो, हे मोजण्यात त्यांची बावीस वर्षं गेली होती, आणि साधं पत्र लिहितानाही ते आधी कच्चा खर्डा करत. वॉक-ऑन म्हणजे ज्याला संघानं बोलावलेलं नाही, ज्याला शिष्यवृत्ती नाही, जो आपल्या पायांनी चालत व्यायामशाळेच्या दारात येऊन उभा राहतो आणि ज्याला हाकलून देण्याइतकं सबळ कारण सापडत नाही म्हणून ठेवून घेतात. ही व्याख्या त्यांची स्वतःची होती. खर्ड्यात त्यांनी लिहिलं: ‘आगंतुक खेळाडू म्हणून संघात प्रवेश मिळाला.’ शब्द अचूक होता. अर्धं मिनिट त्याच्याकडे पाहून त्यांनी तो खोडला आणि वर लिहिलं: ‘थेट.’

थेट प्रवेश मिळाला. मुलगा चालत गेला, आत गेला, मधे कुणी मध्यस्थ नव्हता. प्रत्येक घटक खरा होता, फक्त बेरीज खोटी होती. महिन्याभरात नागपुरातल्या एका दैनिकात चार ओळींची बातमी आली, तिच्यात ‘थेट प्रवेशा’ची ‘थेट निवड’ झालेली होती, आणि कात्रणासोबत दादांचं पत्र होतं: ‘आता तरी पत्रिकाशास्त्रावर विश्वास बसेल अशी आशा आहे.’

हे सर्वांत झोंबणारं होतं. याच त्र्यंबकरावांनी १९७४ साली चाळीस कुंडल्यांचा तक्ता करून, भाकितं आणि घटना यांचा मेळ यदृच्छेपेक्षा अधिक नाही, असं चार पानी पत्रात दादांना सप्रमाण दाखवून दिलं होतं. दादांनी नऊ वर्षं वाट पाहिली होती, आणि त्यांना हवा असलेला पुरावा अखेर त्यांना कुणी पुरवला, तर विरोधी पक्षानं. स्वतःच्या मताविरुद्ध खोटी निरीक्षणं पुरवणारा संशोधक विज्ञानाच्या इतिहासात विरळा असावा. त्र्यंबकरावांना तरी दुसरा आठवेना.

"राजीव किती वाजता येतो?" चारुदत्तांनी विचारलं.

"दोनला. सकाळचा सराव झाला की कोच सोडतील. आठच्या आत परत पोचायला हवं."

"मग जेवण झालं की मी वाचतो. आणि शनिवारी सामन्याला आपण सगळे."

त्र्यंबकराव मानपत्र तसंच ठेवून स्वयंपाकघरात गेले.

तिथे थँक्सगिव्हिंगच्या सणाची तयारी दोन आघाड्यांवर चालू होती. नागपूरच्या पाहुण्यांसाठी शरयूबाईंनी आदल्या रात्रीच सावर क्रीम फडक्यात टांगून श्रीखंडाचा चक्का केला होता; आणि वीणानं, म्हणजे थोरल्या मुलीनं, या घरात जन्मल्यापासून या सणाला एकदाही टर्की मिळालेली नाही ही आपली जुनी तक्रार घेऊन ॲन आर्बरहून येताना एक भाजलेली टर्की आणली होती, ती तडजोड म्हणून गॅरेजमध्ये ठेवण्यात आली होती. वीणा कायदा शिकत होती आणि तडजोडींवर तिचा विश्वास नव्हता.

"शरयू, त्यांनी मानपत्र आणलंय," त्र्यंबकराव दबक्या आवाजात म्हणाले. "चाचणीविना थेट निवड, असं लिहिलंय त्यात."

"मग?" शरयूबाई वेलची कुटत होत्या. "दहा दिवस राहणार, परत जाणार. ऐकून घ्या, शाल घेऊ दे त्याला, फोटो काढा. राजूला कुठे मराठी कळतंय एवढं?"

"बाबा, हे फ्रॉड आहे," वीणा म्हणाली.

"फ्रॉड नाही. अतिव्याप्त विधान आहे."

"कोर्टात असं म्हणून बघा."

"वीणा, तू गप्प बस," शरयूबाई म्हणाल्या. "यांचं आयुष्य लोकांचं खोटं पकडण्यात गेलं. एखादं स्वतःचं राहिलं तर बिघडत नाही."

हे वाक्य पत्नीच्या बाजूनं सहानुभूती म्हणून आलं असावं. त्र्यंबकरावांनी ते तपासून पाहिलं आणि तसं काही त्यात आढळलं नाही. तेवढ्यात काकडी कोचवत बसलेल्या सुलभावहिनींनी, म्हणजे दादांच्या पत्नीनं, मुलांच्या काकूनं, मान वर न करता विचारलं,

"भावजी, तो शनिवारी खेळणारच नाहीये ना?"

शरयूबाईंचा बत्ता थांबला.

"तुम्हाला... कसं?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"शरयूनं दोन वर्षांमागे लिहिलं मला. बाकावर बसतो, शेवटचं मिनिट उरलं आणि निकाल लागलेला असला तर उठवतात. बरोबर ना गं?"

शरयूबाईंनी वेलची अधिक जोरात कुटली. त्र्यंबकरावांच्या लक्षात आलं की गेली दोन वर्षं मिशिगनमधलं ट्रॉय, म्हणजे हे घर, आणि नागपूर यांच्यात दोन समांतर पत्रव्यवहार चालू होते. पुरुषांच्या पत्रांतून एकमेकांना टोमणे जात होते, बायकांच्या पत्रांतून माहिती.

"मग तुम्ही दादांना सांगितलं नाहीत?"

"कसं सांगू? निवृत्त झाल्यापासून पहिल्यांदा त्यांना एवढं काम मिळालं होतं. चार महिने खपले त्या कागदावर. सात वेळा लिहिला." सुलभावहिनींनी विळी आडवी केली. "मला आधी वाटलं होतं, राजू गार्ड आहे म्हणजे माझ्या वडिलांसारखा रेल्वेतला गार्ड. शरयूनं समजावलं, मैदानात चेंडू पुढे नेतो तो. म्हटलं बरं. आता तुम्हीही बोलू नका, भावजी. खाऊ दे त्यांना आनंद."

म्हणजे सगळं जमून आलं होतं. दोन्ही जावा गप्प बसायला तयार होत्या, दादा आनंदात होते, राजीवला मराठी वाचता येत नव्हतं. आपलं खोटं इतक्या लोकांनी इतक्या आपुलकीनं सांभाळलेलं पाहून कुठल्याही सामान्य माणसाला कृतज्ञता वाटली असती. त्र्यंबकरावांना मात्र फक्त एक शक्यता छळत होती. दादा चिडतील, हसतील, त्याचं काही नव्हतं. राजीवनं विचारलं की बाबा, तुम्ही असं का लिहिलंत, तर त्याचं उत्तर त्यांच्यापाशी होतं आणि ते मुलाला ऐकवण्यासारखं नव्हतं.

"नारळ आणलाय मी," वीणा म्हणाली आणि पिशवीतून सुपरमार्केटमधला गुळगुळीत, तासलेला नारळ काढला.

"अगं बाई, याला शेंडीच नाही," सुलभाकाकू म्हणाल्या. "बिनशेंडीचं श्रीफळ देतात का कुणी?"

"इथे असाच मिळतो, काकू."

"मग ठेव झाकून. फोटोत येऊ देऊ नका."

राजीव दोनला पाच मिनिटं कमी असताना आला. पाच फूट दहा इंच उंची, म्हणजे घरात सर्वांत उंच आणि संघात सर्वांत बुटका. सरावानंतर अंघोळ करून तसाच निघाल्यामुळे त्याचे केस ओले होते, आणि मिशिगनच्या थंडीत ओल्या डोक्यानं गाडी चालवत आल्याबद्दल काकूंनी त्याला नमस्कार पुरा होण्याआधीच झापलं. त्यानं वाकून दोघांच्या पायांना हात लावला. चारुदत्तांनी त्याचे दंड चाचपून पाहिले, जसे कुणी बाजारात बैल पाहावा, आणि समाधानानं मान हलवली.

मंडळी जेवायला बसली. वरणभाताचा पहिला घास राजीवनं घेतला आणि सुलभाकाकूंचा हात भाजीच्या वाडग्यावर तसाच थांबला.

"राजू, डाव्या हातानं जेवतोस?"

खरंच तो डाव्या हातानं जेवत होता. तेही वाईट; अर्धा भात ताटाबाहेर.

"सॉरी, काकू. इट्स फॉर धिस वीक ओन्ली," राजीव म्हणाला. "शनिवारची टीम आहे ना, त्यांचा गार्ड लेफ्टी आहे. प्रॅक्टिसमध्ये मी तो आहे. सो कोच सेज, डू एव्हरीथिंग लेफ्टी. दात ब्रश पण."

शरयूबाई घाईनं म्हणाल्या, "सराव असतो हो, दादा, निरनिराळा. श्रीखंड घ्या ना."

पण चारुदत्तांनी श्रीखंडाकडे पाहिलं नाही. त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं होतं, ते त्र्यंबकरावांनी लहानपणी पाहिलं होतं, दादांना अडलेला समास सुटे तेव्हा.

"सव्यसाची!" चारुदत्त म्हणाले. "दोन्ही हातांनी सारखाच! शरयू, माझं पेन आण. मानपत्रात दुसऱ्या परिच्छेदाखाली जागा आहे."

"दादा, आधी जेवा," त्र्यंबकराव म्हणाले.

"जेवण पळून जात नाही. विचार जातो." आणि त्यांनी उष्टा हात धुऊन, पुसून, मानपत्र आपल्यापुढे ओढून, डोळ्यांदेखत त्यावर ‘सव्यसाची’ हे विशेषण चढवलं. त्र्यंबकराव ते पाहत राहिले. कारखान्यात धातूतली भेग अशीच वाढे: आधी केसाएवढी, कुणाचं लक्ष नसताना, आणि एकदा वाढू लागली की प्रत्येक फेऱ्यात आधीपेक्षा थोडी जास्त. फरक एवढाच की कारखान्यात ते वेळीच यंत्र थांबवायला सांगत.

"व्हॉट इज धिस?" राजीवनं विचारलं.

"तुझं मानपत्र," काकू म्हणाल्या. "नंतर वाचतील काका. तू जेव."

"फॉर मी? काय लिहिलंय?"

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. वीणानं बापाकडे पाहिलं. शरयूबाईंनी टेबलाखालून नवऱ्याच्या पायाला पाय लावला, आणि चारुदत्त आनंदानं म्हणाले, "लिहिलंय की तुझी संघात थेट निवड झाली. कोणत्याही चाचणीविना. चाचणी म्हणजे, हे आपलं... वीणा, काय म्हणतात?"

"ट्रायआउट," वीणा म्हणाली. ती वकील होणार होती. विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिनं दिलं.

राजीव मोकळेपणी हसला. "विदाउट ट्रायआउट? नो, नो, काका. ट्रायआउट ऑल द वे. थ्री डेज. मी वॉक-ऑन आहे. बाबांनी नाही सांगितलं?"

"त्र्यंबकनंच तर लिहिलं," चारुदत्त म्हणाले. "थेट प्रवेश. हा शब्द त्याचा आहे."

इथे अजूनही वाट होती. भाषांतरात गफलत झाली, एवढं म्हटलं असतं तर ते सगळ्यांना पुरलं असतं, आणि ते बरंचसं खरंही होतं. सुलभावहिनी तर तोंड उघडून तेच म्हणायच्या बेतात होत्या.

"दादा," त्र्यंबकराव म्हणाले, "चूक भाषांतराची नाही. मला बरोबर शब्द आधी सुचला होता. मी तो खर्ड्यात लिहिला आणि खोडला."

"कोणता?"

"आगंतुक."

चारुदत्तांनी चष्मा बदलला. "न बोलावता आलेला," ते सावकाश म्हणाले, जणू फळ्यावर अर्थ लिहीत होते. "म्हणजे याला त्यांनी बोलावलं नव्हतं?"

"नाही."

"आणि हा खेळत नाही?"

"तीन वर्षांत नऊ सामन्यांत मिळून अकरा मिनिटं. बाकी वेळ बाकावर. मी चार सामन्यांना गेलो, त्यांतल्या एकाही सामन्यात तो उठला नाही."

"आकडे पाठ आहेत तुझे," चारुदत्त म्हणाले. "चांगला शब्द होता. अचूक. मग का खोडलास?"

वीणाच्या चेहऱ्यावरचा विजय कधीच ओसरला होता, ती म्हणाली, "काका, तसं पाहिलं तर या देशात तुम्ही सगळेच वॉक-ऑन. बाबासुद्धा..."

"मला असिस्टंटशिप होती," त्र्यंबकराव म्हणाले. "बोलावलं होतं मला. उपमेनं सुटका होत नाही, वीणा." आणि मग ते दादांना म्हणाले, पण आवाज दादांपर्यंत जायच्या आत खाली पडला: "लाज वाटली, म्हणून खोडला."

राजीवचा डावा हात ताटात थांबला.

"दॅट वर्ड आय नो," तो म्हणाला.

अर्थातच त्याला तो येत होता. आई, बाबा, हो, नाही, पुरे, यांच्या खालोखाल या घरात मुलांवर सर्वांत जास्त खर्च झालेला तोच शब्द होता. लाज नाही वाटत, असं त्याला पाहुण्यांपुढे पाय पसरल्याबद्दल, बी-प्लसबद्दल, अमेरिकन मुलीला सिनेमाला नेल्याबद्दल विचारलं गेलेलं होतं.

"माझी?" राजीवनं विचारलं. मराठीत.

त्र्यंबकरावांच्या मनात दोन-तीन सुबक उत्तरं तयार झाली. परिस्थितीची, शब्दाची, लोक काय म्हणतील याची. त्यांनी ती एकेक करून बाजूला ठेवली, कारण तिन्हींना पुरावा नव्हता.

"हो," ते म्हणाले. "तुझी."

शरयूबाई उठून सिंककडे गेल्या आणि नळ न सोडता तिथेच उभ्या राहिल्या. राजीवनं रुमालानं बोटं पुसली. आधी डावी, मग उजवी.

"ओके," तो म्हणाला. "मला वाटायचं, यू जस्ट डोन्ट लाइक बास्केटबॉल."

या वाक्यात राग असता तर त्र्यंबकरावांना बरं वाटलं असतं. रागावर मुद्दे मांडता येतात. हा फक्त एक जुना गैरसमज होता, मुलानं बापाच्या बाजूनं करून घेतलेला, आणि तीन वर्षं सांभाळलेला.

"मग पत्रिका खोटी ठरली," वीणा कुणाला तरी वाचवण्यासाठी म्हणाली. कुणाला, ते तिलाही ठाऊक नसावं.

"मुळीच नाही," चारुदत्त म्हणाले. "पत्रिकेत क्रीडायश आहे. मैदानात किती मिनिटं, ते पत्रिका सांगत नाही." एरवी या विधानावर त्र्यंबकरावांनी पाऊण तास घेतला असता. आज त्यांचा तो अधिकार निलंबित झाला होता, आणि दादांना ते ठाऊक होतं. "पण मानपत्रात असत्य राहता कामा नये. माझी सही आहे त्यावर." त्यांनी पेनचं टोपण काढलं, ‘सव्यसाची’वर आडवी रेघ मारली, मग जराशी वाट पाहून ‘कोणत्याही चाचणीविना, थेट’ यावरही मारली. चार महिन्यांच्या कामावर त्या रेघा ओढताना त्यांचा हात हलला नाही. मात्र सुलभाकाकूंनी नजर दुसरीकडे वळवली. "आता नवा मजकूर. किती मुलं आली होती रे चाचणीला?"

प्रश्न त्यांनी धाकट्या भावाला विचारला होता. आकडे त्याच्याकडे असतात, ही बालपणापासूनची वहिवाट होती.

त्र्यंबकराव उत्तर द्यायला गेले आणि त्यांना आढळलं की ते त्यांच्यापाशी नाही. बाकावरची तीन वर्षं त्यांनी मिनिटामिनिटानं मोजली होती, पण दारातून आत किती जण आले आणि किती जण उरले, ही मूळ संख्या त्यांनी कधी विचारलीच नव्हती. कारखान्यात एखाद्या नवशिक्यानं, किती नमुन्यांतून घेतला ते न नोंदवता, एकच नमुना टेबलावर आणला असता, तर त्यांनी त्याला अहवालासकट बाहेर काढलं असतं.

"मला माहीत नाही," ते म्हणाले.

"मग विचारा की, भावजी," सुलभाकाकू म्हणाल्या. "समोरच बसलाय."

त्र्यंबकराव मुलाकडे वळले. "किती जण होते?"

राजीवनं पाण्याचा पेला उचलून परत ठेवला. त्या काही क्षणांत तो उठून गॅरेजमध्ये टर्कीपाशी निघून गेला असता तरी त्याला कुणी दोष दिला नसता.

"फॉर्टी-वन," तो म्हणाला.

"आणि घेतले?" त्र्यंबकरावांनी विचारलं.

"टू. दुसऱ्यानं ख्रिसमसला सोडलं."

चारुदत्तांनी लिहिलं. शरयूबाई सिंकपासून वळल्या. त्र्यंबकरावांच्या डोक्यात भागाकार आपोआप होऊ लागला होता.

"बाबा. डोन्ट डू द पर्सेंटेज."

"नाही करत," त्र्यंबकराव म्हणाले. तो झालेला होता. "दुसऱ्यानं का सोडलं?"

"बिकॉज यू नेव्हर प्ले. रोज तीन तास मार खायचा आणि शनिवारी बसायचं."

"मग तू का नाही सोडलंस?"

राजीवनं खांदे उडवले; पण मग, बापानं एकाच विषयावर लागोपाठ चौथा प्रश्न विचारल्याचं लक्षात येऊन असेल, तो खुर्ची मागे सारून उभा राहिला. "कॅन आय शो यू?" जेवणाचं टेबल आणि कपाट यांच्यामधल्या चार फुटांत त्यानं गुडघे वाकवले, आणि चेंडू नसताना डावा हात चेंडूवर ठेवला. त्याचा उजवा खांदा अचानक खाली गेला, मान एका अनोळखी माणसासारखी कलली, पाऊल ओढल्यासारखं पडलं; मग पापणी लवायच्या आत तो टेबलाच्या पलीकडे होता.

"कपाटावरचा दिवा सांभाळ!" शरयूबाई ओरडल्या.

"तो मुलगा असा पाय ओढतो," राजीव धाप न लागता म्हणाला. "एव्हरीबडी थिंक्स ही इज हर्ट. तो हर्ट नाही, ही इज वेटिंग. आमचा स्टार्टर, जो शनिवारी खेळतो तो, काल तीनदा फसला. टुडे, नॉट वन्स." आणि हसून: "सो शनिवारी तो बॉल अडवेल, आय विल बी सिटिंग. मी इतका खूश असतो ना तेव्हा, बाबा. यू हॅव नो आयडिया."

त्र्यंबकरावांनी चार सामने पाहिले होते, पण मुलाला खेळताना ते आज पहिल्यांदा पाहत होते, आणि तोही दुसराच कुणीतरी होऊन खेळत होता.

"शनिवारी मग आपण याला बसलेला पाहू," चारुदत्त सुलभाकाकूंना म्हणाले. मग पेन पुन्हा कागदावर टेकवून त्यांनी भावाकडे पाहिलं. "याचं काम लिहायचं राहिलं. काय लिहू? याला मराठीत काय म्हणावं?"

त्र्यंबकरावांना एक शब्द सुचला. बरा शब्द होता.

"त्याला विचारा, दादा," ते म्हणाले.

राजीव अजून उभाच होता. त्यानं कपाळावर आठ्या घालून वाक्य जुळवलं, एकदा ओठांतल्या ओठांत म्हणून पाहिलं, आणि मग मोठ्यानं सांगितलं:

"दर आठवडा मी दुसरा मुलगा होतो."

चारुदत्तांनी लिहायला घेतलं. ‘दर आठवडा’शी त्यांचं पेन थबकलं. छत्तीस वर्षं या अशा गळलेल्या प्रत्ययांभोवती त्यांनी तांबडी वर्तुळं काढली होती, आणि टोक कागदापासून तसूभर वर थरथरताना सगळ्यांनी पाहिलं. मग ते पुढे गेलं, आणि वाक्य होतं तसं कागदावर उतरलं.